तांब्याच्या जोड्यांतील क्रॉसटॉक आणि शक्तिवाटप : पार्श्वभूमी

ठाण्यातील नौपाडा किंवा नवी मुंबईतील वाशी येथील एखाद्या जुन्या सोसायटीच्या फाटकाजवळची टेलिफोनची डीपी, म्हणजे घरोघरी जोडण्या वाटणारी पेटी, उघडली, की पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी अशा पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. महानगर टेलिफोन निगमचे कार्यक्षेत्र मुंबईबरोबर या दोन्ही शहरांपर्यंत असल्यामुळे 2005 पासून येथील असंख्य घरांत ब्रॉडबँड आले ते बोलण्यासाठी टाकलेल्या अशाच जोड्यांवरून.

तारांना पीळ देण्याच्या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये घेतले होते. सुमारे 3400 हर्ट्‌झपर्यंतच्या आवाजाला ती पुरेशी ठरली. टेलिफोनच्या तारांवरून ब्रॉडबँड देणारे एडीएसएल हे तंत्र मात्र 1.1 मेगाहर्ट्‌झपर्यंत आणि त्याच्या पुढच्या, अधिक वेगवान पिढीचे 2006 चे व्हीडीएसएल2 हे मानक 30 मेगाहर्ट्‌झपर्यंत जाते, आणि वारंवारता जितकी चढते तितका एका जोडीतील संकेत शेजारच्या जोडीत अधिक झिरपतो. हाच क्रॉसटॉक. लाइनमनने जोडी बदलून दिल्यावर कधीकधी वेग सुधारतो, त्याचे एक कारण शेजार बदलणे हेही असते.

एडीएसएलने आपला वारंवारतांचा पट्टा 4.3125 किलोहर्ट्‌झच्या कप्प्यांत विभागला, त्यामुळे कोणत्या कप्प्यात संकेताची किती शक्ती घालायची हे ठरवणे शक्य झाले. एकट्या जोडीसाठी याचे उत्तर गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्येच दिले होते : खळग्यांत पाणी भरावे तशी, जिथे गोंगाट कमी तिथे शक्ती अधिक. पण शेजारी दुसरी जोडी असेल, तर आपली शक्ती हाच तिचा गोंगाट होतो. प्रारंभी यावर सर्वांना एकच कमाल मर्यादा घालून देण्याचा उपाय होता. अमेरिकेतील 2001 चे टी1.417 मानक याच विचाराचे. वाईटात वाईट परिस्थिती गृहीत धरणारी ही मर्यादा सुरक्षित असली, तरी उधळी होती.

समजा, एक्स्चेंजमधून निघालेली एक लांब जोडी घोडबंदर रस्त्यावरील घरापर्यंत जाते आणि वाटेतल्या कॅबिनेटमधून, म्हणजे रस्त्याकडेच्या उपकरणपेटीतून, दुसरी, आखूड जोडी तिच्याच केबलमध्ये शिरते. तोवर लांब जोडीचा संकेत क्षीण झालेला असतो आणि कॅबिनेटचा ताजा संकेत त्याला सहज दडपून टाकतो. आखूड जोडीने लांब जोडीच्या उपयोगी पडणाऱ्या खालच्या वारंवारता सोडून वरच्या वापरल्या, तर तिचे फारसे बिघडत नाही आणि लांब जोडी वाचते. या प्रश्नाला खरी दिशा, माझ्या मते, 2002 मध्ये मिळाली. वेई यू, जॉर्ज गिनिस आणि जॉन सिऑफी या संशोधकांनी दाखवले, की प्रत्येक मोडेमने शेजाऱ्यांचा संकेत गोंगाट मानून आपले वाटप पुन्हापुन्हा सुधारले आणि ठरलेल्या वेगापुरतीच शक्ती वापरली, तर मध्यवर्ती नियंत्रकाविनाही वेग बराच वाढतो. त्यात प्रत्येक जोडी आपल्यापुरतेच पाहत असे. पुढे राफाएल सेंड्रिलन, मार्क मूनेन, यू आणि सहकाऱ्यांनी सर्व जोड्यांचा एकत्र विचार करून प्रश्न कप्प्याकप्प्यांत सुटा केला; मात्र जोड्यांची संख्या वाढली, की गणिताचा भार घातांकी गतीने वाढे. झि-क्वान लुओ आणि शुझोंग झांग यांनी 2008 मध्ये हा प्रश्न सर्वसाधारण रूपात मुळातच एनपी-कठीण, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढण्याची कोणतीही रीत ज्ञात नसलेल्या वर्गातला, असल्याचे सिद्ध केले, त्यामुळे पुढचे बहुतेक प्रयत्न जवळपासच्या चांगल्या उत्तरांवर स्थिरावले.

क्रॉसटॉक टाळण्याऐवजी तो मोजून खोडून काढणारे व्हेक्टरिंग 2010 मध्ये मानक झाले. त्यासाठी केबलमधील सर्व जोड्यांचे संकेत एकाच यंत्राच्या हाती असावे लागतात. दोन कंपन्यांची यंत्रे एकाच केबलवर असतील, तेथे शक्तिवाटपाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.