सामायिक शैलीसंच (अक्षरजुळणी)

अनेक फाइलींत विभागलेल्या ग्रंथाचा फॉन्ट, समास, मथळे, तळटिपा, पृष्ठांक यांबाबतचे निर्णय एकाच ठिकाणी नोंदवून सगळ्या फाइलींना तेच लागू करण्याची पद्धत. प्रकरणे चार ऑपरेटरांनी जुळवली, तरी पुस्तक एकहाती दिसावे हा हेतू.

ही गरज संगणकाच्या आधीची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले. वर संहिता, खाली पाठभेद, ही मांडणी १९ खंडांत सांभाळायची होती.

लाटेक या आज्ञा लिहून अक्षरजुळणी करण्याच्या प्रणालीत हे निर्णय वेगळ्या स्टाइल फाइलीत ठेवतात आणि मुख्य फाइल ‘इनपुट’ किंवा ‘इन्क्लूड’ आज्ञेने प्रकरणे ओढून घेते. ‘इन्क्लूड’ने घेतलेल्यांपैकी ‘इन्क्लूडओन्ली’ वापरून एकच प्रकरण काढले, तरी बाकीच्यांच्या आधीच्या नोंदी वाचल्या जात असल्याने पृष्ठांक आणि संदर्भ जागेवर राहतात. मोठ्या ग्रंथाची प्रुफे काढताना ही सोय फार मोलाची. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी प्रकरणे जोडणारी बुक फाइल करून एक प्रकरण शैलींचे मूळ म्हणून नेमतात आणि बाकीची त्याच्याशी जुळवून घेतात. जुळणी नावावरून होते. एकाने ‘उपमथळा’ आणि दुसऱ्याने ‘उप मथळा’ असे नाव दिले असेल, तर दुसरा आहे तसाच राहतो. म्हणून कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यापेक्षा नावे आधी ठरवणे महत्त्वाचे.

मराठीचे दुखणे निराळे. पुण्याच्या डीटीपी केंद्रांत ‘श्री-लिपी’ या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या एन्कोडिंगमधला (अक्षरांना अंक देण्याच्या पद्धतीतला) मजकूर आजही येतो, त्यावर युनिकोड या आजच्या सामायिक पद्धतीच्या फॉन्टची शैली लावली की रोमन अक्षरांचा खिचडा उमटतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून, वाचून घ्यावाच लागतो. दुसरी अडचण चटकन दिसत नाही. काही देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे भाषा ‘मराठी’ निवडली तरच येतात. एका प्रकरणात ही निवड राहून गेली, तर तेवढ्या पानांवर हिंदी वळणाचा ‘ल’ छापला जातो आणि मुद्रितशोधक शुद्धलेखन तपासत असल्याने तो त्याच्या नजरेतून निसटतो. भाषेची निवडही संचातच हवी.

संच मोडतो तो बहुधा हाताने. ओळ पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून कुणीतरी त्या एकाच परिच्छेदाचा टाइप अर्ध्या पॉइंटने कमी करतो. पुढे संचात आकार बदलला, तरी तो परिच्छेद जुनाच राहतो. पहिला फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा गट) छपाईला गेला की संच गोठवावा, नाहीतर पाने सरकतात आणि तयार सूचीतले पृष्ठांक चुकतात.