आइसलँडची फुटबॉल टीम म्हणजे 'नोकरी सांभाळून खेळणारे हौशी लोक'? थोडा खुलासा

फोनवर फिरणारा फॉरवर्ड मेसेज असा असतो, "आइसलँडच्या टीममध्ये एक डेंटिस्ट, एक फिल्म डिरेक्टर, एक मिठाच्या कारखान्यातला कामगार, सुट्टी काढून आले आणि मेस्सीला रोखलं". वाचून भारी वाटतं, मलाही वाटलं होतं, आणि यातली माणसं खरी आहेत म्हणूनच ते पटकन पटतं.

पण नीट बघा. डेंटिस्ट हा खेळाडू नव्हताच, तो कोच होता. फिल्म डिरेक्टर म्हणजे गोलकीपर, 2018 च्या वर्ल्ड कपला त्यानेच मेस्सीची पेनल्टी अडवली, पण तेव्हा तो डेन्मार्कच्या क्लबमध्ये पगारी खेळाडू होता, फिल्म-व्हिडिओ हे त्याचं दुसरं काम. मिठाचं पॅकिंग करणारा मात्र खरंच होता, तो एक डिफेंडर, आणि त्या वर्ल्ड कपच्या 23 जणांच्या टीममध्ये आइसलँडच्याच लीगमध्ये खेळणारा तो एकटाच. बाकी 22 जण इंग्लंड, जर्मनी, इटली, रशिया असे बाहेर खेळत होते. 2016 च्या युरोला (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला) तर, जिथे त्यांनी इंग्लंडला 2-1 हरवलं, सगळेच्या सगळे 23 परदेशी क्लबांत होते.

घरची लीग लहान आहे, तिथे बरेच जण नोकरी करून खेळतात, गोंधळ तिथूनच होतो. लीग वेगळी, नॅशनल टीम वेगळी.

चेक करायचं तर स्पर्धेची स्क्वाड लिस्ट (निवडलेल्या खेळाडूंची यादी) काढा, प्रत्येक नावापुढे क्लब असतो, दोन मिनिटांत मोजून होतं. तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लोकवस्ती, त्यातून एवढे प्रोफेशनल तयार केले त्यांनी, थंडीत इनडोअर हॉलमध्ये पोरांना शिकलेल्या कोचकडून खेळवून. मला तर हीच गोष्ट जास्त मोठी वाटते.