नाव म्युझियलचं, हात कुणाचा?

अमेरिकेत लोक घरातलं जुनं सामान दारातच विकायला मांडतात, त्या गॅरेज सेलमध्ये फिरलात तर टेबलावरच्या पसाऱ्यात जुना बेसबॉल ग्लोव्ह कधी ना कधी दिसतोच. चामडं काळवंडलेलं, वादी तुटायला आलेली आणि तळव्यावर दाबून उठवलेली एका नामांकित बेसबॉलपटूची सही : स्टॅन म्युझियल. विकणारा छातीठोकपणे सांगतो, हा म्युझियलचा ग्लोव्ह आहे. आता या 'चा'मध्ये दोन अगदी वेगळ्या वस्तू मावतात. एक म्हणजे म्युझियलच्या नावाने कारखान्यात बनलेला आणि दुकानात पोरांना विकलेला ग्लोव्ह. संग्राहक त्याला 'स्टोअर मॉडेल' म्हणतात. दुसरा म्हणजे म्युझियलने मैदानावर खरोखर हातात घातलेला, म्हणजे 'गेम-यूज्ड'. पहिल्याचे हजारो नग निघाले. दुसरा मिळणं म्हणजे लॉटरीच.

सही बघून यातलं काहीच कळत नाही. सही दोघांवरही असू शकते, आणि खेळाडूच्या खऱ्या ग्लोव्हवर भलत्याच खेळाडूचं नाव असणंही नवलाचं नव्हतं. हाताला बसला की झालं, नावाशी कुणाला कर्तव्य!

म्हणून आधी अंगठा बघा, ग्लोव्ह कुठल्या हाताचा ते त्यावरून कळतं. सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा म्युझियल डावखुरा, डाव्या हाताने चेंडू फेकायचा. ग्लोव्ह झेल घेणाऱ्या हातात असतो, साहजिकच त्याचा उजव्या हातात. दुकानात येणारी बहुतेक पोरं मात्र उजव्या हाताने फेकणारी, म्हणून त्यांच्यासाठी बनलेले ग्लोव्ह डाव्या हाताचे. टेबलावरचा 'म्युझियल' तुमच्या डाव्या हातात नीट बसला, तर त्याचा म्युझियलशी संबंध फक्त शाईपुरता. बेब रूथ, लू गेरिग, वॉरन स्पान हे नामवंत खेळाडूही डाव्या हातानेच फेकणारे, त्यांनाही हीच कसोटी लागते. उलट बाजूने मात्र ती चालत नाही : डावखुऱ्या पोरांसाठीही ग्लोव्ह निघतच होते, फक्त कमी. (बाल्टिमोरच्या शाळेत असताना रूथ कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा होता. तिथे मिट (कॅचरचा जाड ग्लोव्ह) होता उजव्यांचा, म्हणून हा डाव्या हाताने झेल घ्यायचा, मिट काढायचा आणि त्याच हाताने फेकायचा. पण ते शाळेतलं.)

ही नावांची भानगड आली कुठून? मुळात ग्लोव्ह घालणं हाच कमीपणा मानला जाई. 1875 मध्ये चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूने कातडीच्या रंगाचा ग्लोव्ह घातला, का तर लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून. तो बघून अल्बर्ट स्पॉल्डिंगने दोन वर्षांनी काळा ग्लोव्ह चढवला, अगदी उघडपणे. स्पॉल्डिंग नामांकित खेळाडू होता आणि एव्हाना त्याचं खेळाच्या सामानाचं दुकानही सुरू झालं होतं. मैदानात तो घालणार आणि दुकानात पोरं मागणार, हे गणित तिथूनच जमलं.

पुढे बिल डोक या पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) ग्लोव्ह बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीला सुचवलं की अंगठा आणि तर्जनीमध्ये वाद्यांची जाळी विणा. 1920 च्या सुमारास तो ग्लोव्ह बाजारात आला आणि चेंडू तळव्याऐवजी जाळीलगतच्या खोबणीत अडकू लागला. (क्रिकेटमध्ये विकेटकीपरलाही अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्येच तेवढी जाळी चालते.) डोक 1929 मध्ये निवृत्त झाला, पण त्याच्या नावाचा ग्लोव्ह त्यानंतर वीसहून अधिक वर्षं विकला जात होता. तेव्हा नावावरून सालही ठरवायला जाऊ नका. त्यासाठी बोटं बघा. ती सुटी असतील तर ग्लोव्ह बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा, वादीने एकमेकांना बांधलेली असतील तर सहसा नंतरचा. मनगटाशी रॉलिंग्जचा 'एज-यू-केटेड हील' असा छाप असेल तर 1959 च्या मागे जायचं कारण नाही.

चामड्यावरून फरक ओळखता येतो, पण अर्धामुर्धाच. स्वस्तातलं स्टोअर मॉडेल आकाराने लहान, पातळ चामड्याचं, 1960 च्या दशकातलं असेल तर बऱ्याचदा जपानी बनावटीचं. पण दुकानातला सगळ्यात महागडा ग्लोव्ह आणि खेळाडूंना पुरवलेला ग्लोव्ह यांच्यात पुष्कळदा डावं-उजवं करता येत नाही. सगळी फसवणूक चालते ती इथेच. अशा वेळी जुने फोटो काढून बसावं लागतं : वादीची गाठ कुठे आहे, डाग कुठे आहे, छाप किती वाकडा पडलाय, हे फोटोतल्या ग्लोव्हशी ताडून पाहायचं. पट्ट्यावर बॉलपेनने पोराचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला सापडला तर एवढे कष्टही वाचतात. मला स्वतःला असे ग्लोव्ह जास्त आवडतात, पण बाजार माझं ऐकत नाही.

बाजाराचे नियमही दोघांना उलटे. स्टोअर मॉडेल जितकं कोरं तितकं भारी. मूळ खोका आणि त्यावर खेळाडूचा फोटो असेल तर कधी कधी खोक्यालाच ग्लोव्हपेक्षा जास्त किंमत येते. गेम-यूज्ड ग्लोव्ह कोरा निघाला तर मात्र शंका घ्यायची. तेल दोघांनाही नको. कोल्हापुरी चपलांना तेल चोळायची सवय असेल तर इथे हात आवरा. चामडं काळं पडतं, सही बुजते आणि फोटोशी जुळवायचे डागही जातात.

किमतीतली दरी किती? साधं स्टोअर मॉडेल शे-दोनशे डॉलरच्या आतबाहेर मिळून जातं. 1999 मध्ये सदबीजच्या लिलावात गेरिगचा शेवटचा म्हणून आलेला ग्लोव्ह 3,87,500 डॉलरला गेला. त्याच लिलावात न्यूयॉर्क यँकीज संघाच्या मिकी मॅन्टलचा म्हणून विकलेल्या ग्लोव्हसाठी अभिनेता बिली क्रिस्टलने 2,39,000 डॉलर मोजले. मॅन्टलच्या नावाचे स्टोअर मॉडेल तर गल्लोगल्ली होते. मॅन्टल उजव्या हाताने फेकायचा, त्यामुळे तिथे अंगठ्याची कसोटीही कामाला येत नाही.