तांबड्या गव्हातला पांढरा दाणा कधी दिसतो?

‘सोनोरा ६४’ हा मेक्सिकोतून आलेला बुटका गहू उत्पादनाला चांगला, पण दाणा तांबडा. पोळीसाठी आपल्याकडे पिवळसर दाणाच लागतो (तांबड्याच्या तुलनेत त्यालाच ‘पांढरा’ म्हणतात). दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्याच्यावर गॅमा किरणांचा मारा करून ‘शरबती सोनोरा’ हा पिवळसर दाण्याचा वाण काढला गेला.

असा बदल वाटतो तितका सहज हाती येत नाही. गव्हात ए, बी आणि डी असे गुणसूत्रांचे तीन संच असतात. दाण्याचा तांबडेपणा ३ए, ३बी, ३डी या गुणसूत्रांवरच्या जनुकांमुळे येतो आणि त्यांपैकी एकाचीही प्रभावी प्रत शाबूत असली तरी दाणा तांबडाच राहतो. तिन्ही प्रभावी असलेल्या वाणाचा पांढऱ्याशी संकर केला, तर दुसऱ्या पिढीत तांबड्या-पांढऱ्या झाडांचे ६३:१ असे प्रमाण पडते. दोन असतील तर १५:१, एकच असेल तर ३:१. ६४ झाडांत एक पांढरे मिळेलच, हा भरवसा फसवा आहे. ९५ टक्के खात्री हवी असेल तर १९१ झाडे लावावी लागतात. ३:१ ला मात्र ११ पुरतात.

सर्वांत जास्त घोळ पिढी मोजताना होतो. रंग असतो दाण्याच्या सालीत, आणि साल मातृझाडाची असते. त्यामुळे पहिल्या पिढीच्या झाडावरचे सगळे दाणे तांबडेच दिसतात, आतला गर्भ काहीही असो. ते पेरून आलेल्या प्रत्येक झाडाची मळणी वेगळी करायची, तेव्हा कुठे रंगांची विभागणी दिसते. एका झाडाचे सगळे दाणे एकाच रंगाचे. आधीच दाणे निवडत बसणाऱ्याला पांढरा सापडणारच नाही.

किरण दिलेल्या बियाण्याचेही तेच, वर आणखी एक अडचण: बदल झाडाच्या एखाद्याच फुटव्यात असू शकतो. म्हणून ओंब्या वेगवेगळ्या काढून एका ओंबीची एक ओळ पेरतात.

ओलीने निस्तेज झालेल्या दाण्याचा रंग डोळ्यांना ओळखू येत नाही. तेव्हा प्रत्येक झाडाचे आठ-दहा दाणे ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तासभर ठेवावेत (हातमोजे घालूनच). तांबडे गडद तपकिरी होतात, पांढरे फिकट पिवळे. तपासलेले हे दाणे पेरणीतून बाद.

पांढऱ्या वाणांचा एक तोटा ध्यानात ठेवावा: त्यांच्यात सुप्तावस्था (पिकल्यावर काही काळ न उगवण्याचा गुण) सहसा कमी असते, त्यामुळे कापणीच्या तोंडावर पाऊस झाला की दाणे ओंबीतच उगवतात.