‘थंब’ म्हणजे हजेरी की दार?

कोल्हापुरात दाराशेजारच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला सरसकट ‘थंब’ म्हणतात. कार्ड दाखवायचे असो, बोट टेकवायचे असो की चेहरा पुढे करायचा असो, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या गेटवर प्रश्न एकच: ‘थंब झाला का?’ या एका शब्दात हजेरी आणि दार अशी दोन कामे मिसळली गेली, आणि आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

जुना भाग थोडक्यात. पेठेतल्या वाड्यांना अडसर आणि दिंडी होती, सराफांच्या गुजरीत कुलपावर कुलूप होते. खरेदीखतावर ‘निशाणी डावा अंगठा’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ साली निघाले. पुढे कार्डे आली. २६ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १) जुन्या पद्धतीत ८ बिट जागेचे, १६ बिट माणसाचे आणि उरलेले २ तपासणीचे, म्हणजे एका जागेला ६५,५३६ क्रमांक. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डे हा क्रमांक उघडाच सांगतात, त्यामुळे त्यांची नक्कल सहज होते.

आपल्याकडे यंत्रे आली ती मुख्यतः हजेरीसाठी. एकाचे कार्ड दुसऱ्याने मारू नये म्हणून बोट आले. बोट कुठलेही चालते, बहुधा तर्जनीच देतात, पण नाव पडले ‘थंब’. त्याच यंत्रात एक रिले, म्हणजे यंत्राच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, असतो. त्याच्या दोन तारा चुंबकी कुलपाला जोडल्या की दार तयार, खर्च थोडा. इथेच घोटाळा झाला. हजेरीच्या यंत्राने फक्त नोंद करायची असते. दाराच्या यंत्राला कोणाला आत सोडायचे हे ठरवावे लागते, आणि हे ठरवणारा भाग आतल्या बाजूला सुरक्षित हवा. आपल्याकडे तो बाहेरच्या भिंतीवर दोन स्क्रूंवर लटकतो. यंत्र काढून तारा हाताळल्या तर बोटाची गरजच उरत नाही.

दुसरा प्रश्न वीज गेल्यावरचा. चुंबकी कुलूप विजेवरच धरून राहते. वीज गेली की दार मोकळे. आगीच्या वेळी नेमके हेच हवे, बाहेर पडणाऱ्याला किल्ली शोधावी लागू नये. पण गोदामाच्या दाराला ते परवडत नाही. तिथे वीज गेली तरी बाहेरून बंद राहणारे आणि आतून हाताने उघडणारे कुलूप लागते. कुठल्या दाराला काय, हे मालकाने ठरवायचे असते. हजेरीचे यंत्र घ्यायला गेलेल्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी शाहूपुरीपर्यंत आले आणि पूरभागाची वीज काही दिवस बंद राहिली. अशा वेळी आधाराला जोडलेली ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि अर्धा अँपिअर खाणारे कुलूप हा हिशेब कागदावरसुद्धा १४ तासांच्या पुढे जात नाही.

पण सर्वांत जास्त सोसले ते फाउंड्रीतल्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातल्या, कामगाराने. मोल्डिंगवर, म्हणजे साचे बनवताना, वाळू हाताळून बोटांच्या रेषा झिजतात. बोट पँटला पुसायचे, त्यावर फुंकर मारायची, पुन्हा टेकवायचे. चौथ्या वेळीही लाल दिवा. मागे पाळीची रांग. दार आणि हजेरी एकच असल्याने हा माणूस नुसता बाहेर राहत नाही, त्याला उशीरही लागतो आणि पगारात कपात येते. दोष यंत्राच्या निवडीचा आणि दंड हाताला, ही गोष्ट इतकी वर्षे अंगवळणी पडू द्यायला नको होती.

मार्च २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीने केंद्राने आपल्या कार्यालयांतली बोटाची हजेरी थांबवली. पुढे चेहरा ओळखणारी यंत्रे झपाट्याने पसरली. बोटाचा प्रश्न सुटला. बाहेरच्या भिंतीवरचा रिले मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला, आणि नावही. आता लोक ‘फेस थंब’ म्हणतात.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तेव्हापासून एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला आहे. यंत्र बोटाचे चित्र ठेवत नसले, तरी रेषांच्या खुणांचा साचा ठेवते. भिंतीवरचा जुना थंब उतरवून भंगारात देताना त्यातले साचे कोण पुसतो?