वेषांतराने दुर्गप्रवेश
निरुपद्रवी माणसाचे सोंग घेऊन पहाऱ्यातील किल्ल्यात शिरण्याची आणि आतून दरवाजा आपल्या माणसांसाठी मोकळा करण्याची मध्ययुगीन युद्धरीती. तटबंदी फोडायला यंत्रे, पैसा आणि महिनोन् महिने वेढा चालवण्याइतके मनुष्यबळ लागे. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्यांनी ही रीत प्रामुख्याने वापरली. किल्ला कितीही बळकट असला तरी वैरण, धान्य आणि सरपण बाहेरूनच येत असल्यामुळे त्याचा दरवाजा रोज उघडावाच लागे, आणि सोंग नेमके या गरजेला धरून रचले जाई.

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्ययुद्धांत याची ठळक उदाहरणे सापडतात. इंग्रजांच्या ताब्यातील लिनलिथगोची गढी १३१३ च्या सुमारास विल्यम बनक या शेतकऱ्याने घेतली. तेथील शिबंदीला गवत पुरवणारा हा माणूस पहारेकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा असल्याने त्याला स्वतःला वेष बदलावाच लागला नाही. सोंग होते ते त्याच्या गाडीचे. गवताखाली आठ हत्यारबंद माणसे दडली होती. गाडी बरोबर दरवाजाच्या मधोमध येताच जुंपणीचे दोर कुऱ्हाडीने तोडण्यात आले, त्यामुळे गाडी तिथेच अडकली. दारे लावता येईनात आणि वरून सोडायची जाळीही खाली येईना. जवळच लपलेली बाकीची माणसे तेवढ्यात धावत आली. ही हकिकत स्कॉटिश कवी जॉन बार्बर याच्या १३७५ च्या सुमाराच्या काव्यात, म्हणजे घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी आलेली असल्याने तिचा तपशील जपूनच घ्यावा लागतो. याच काव्यात १३१४ मधील रॉक्सबरो किल्ल्याची कथा आहे. ख्रिस्ती उपवासपर्वाच्या आदल्या रात्री शिबंदी खाण्यापिण्यात दंग असताना स्कॉटिश सरदार जेम्स डग्लसची माणसे चिलखतांवर काळे झगे पांघरून रांगत तटापाशी गेली आणि अंधारात ती चुकार गुरे असावीत असे पहारेकऱ्यांना वाटले. गुरांच्या सोंगाने येथे दरवाजा उघडला नाही, फक्त तटापर्यंतचे अंतर काटले गेले. पुढचे काम दोरांच्या शिड्यांनी केले.

एडिंबरोचा किल्ला १३४१ च्या एप्रिलमध्ये विल्यम डग्लस या स्कॉटिश सरदाराने इंग्रजांकडून घेतला, तेव्हा त्याच्या माणसांनी रसद घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांची बतावणी केली आणि दरवाजातच ओझी टाकून तो बंद होऊ दिला नाही. युक्ती लिनलिथगोचीच, फक्त गवताच्या जागी व्यापाऱ्याचा माल. अशा प्रत्येक प्रसंगी सोंग काही क्षणच टिकले तरी पुरे होते. दरवाजा अडवून धरणे आणि बाहेरची तुकडी वेळेवर पोहोचणे यांवरच यश अवलंबून असे.

धार्मिक वेषाचे प्रसिद्ध उदाहरण मोनाकोचे आहे. ८ जानेवारी १२९७ रोजी फ्रांचेस्को ग्रिमाल्दी फ्रान्सिस्कन साधूच्या झग्याखाली तलवार लपवून तेथील किल्ल्यात शिरला, असे परंपरा सांगते. ग्रिमाल्दी घराण्याचा तो ताबा फार काळ टिकला नाही, परंतु मोनाकोच्या राजचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना उपसलेल्या तलवारी घेतलेले साधू आजही दिसतात.

भारतीय इतिहासग्रंथांत हेच काम डोल्या करतात. जनान्याला आश्रय मागायचा आणि पडदानशीन स्त्रियांच्या जागी सैनिक बसवायचे, ही कथा खानदेशातील अशीरगडाविषयी आहे आणि १५३८ मध्ये शेरशहाने घेतलेल्या बिहारमधील रोहतासगडाविषयीही. मात्र शेरशहाचा चरित्रकार अब्बास सरवानी याने रोहतासच्या डोल्यांची गोष्ट स्पष्टपणे खोटी ठरवली आहे. पडद्याआड डोकावणे पहारेकऱ्याला अशक्य असल्याने ही कथा सहज पटते आणि म्हणूनच ती एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर गेली असावी. महाराष्ट्रात या प्रकाराला सर्वांत जवळचा प्रसंग ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा, शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानावर घातलेल्या छाप्याचा. लाल महाल हा किल्ला नव्हे. पण मोगल छावणीने वेढलेल्या पुण्यात शिरणे किल्ल्यात शिरण्याहून सोपे नव्हते. मोगल इतिहासकार खाफीखान येथे लग्नाच्या वरातीची बतावणी सांगतो, तर दुसऱ्या वृत्तांतानुसार आपण मोगलांच्याच चाकरीतले दख्खनी शिपाई असून चौकीवर निघालो आहोत, असे मराठ्यांनी पहाऱ्याला सांगितले. मोगल फौजेत मराठे सरदार आणि शिपाई मोठ्या संख्येने असल्यामुळे या दुसऱ्या बतावणीसाठी पेहराव बदलण्याचीही गरज पडली नसती.