सेल्फ मारला की नुसतं 'कट-कट', गाडी का चालू होत नाही?

चावी फिरवली की बॉनेटखालून 'कट-कट' आवाज येतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. अशा वेळी बहुतेकजण बॅटरी गेली असं ठरवून मोकळे होतात आणि चार-पाच हजारांचा खर्च करून बसतात. कित्येकदा दोष निघतो तो दहाच्या पान्याने आवळायच्या टर्मिनलचा, म्हणजे बॅटरीवरच्या वायरच्या जोडाचा. म्हणून आधी आवाज नीट ऐका.

चावी फिरवल्यावर सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरच्या, पाठीवरच्या सॉलेनॉइड या चुंबकी स्विचमधली लोखंडी दांडी चुंबकाने ओढली जाते. ती शेवटाला पोचली की तांब्याची चकती दोन जाड बोल्टना जोडते आणि मोटरला प्रवाह मिळतो. छोट्या पेट्रोल गाडीत तो १०० ते २०० अँपिअर, डिझेलमध्ये त्याहून जास्त. बॅटरी अशक्त असेल तर एवढा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग दांडीला मागे ढकलते. भार गेला की व्होल्टेज परत वर, दांडी परत पुढे. हे सेकंदात अनेकदा होतं, तोच तो 'कट-कट-कट'. हेडलाइट लागतो म्हणून बॅटरी ठीक, असं मात्र समजू नका. दोन्ही हेडलाइट मिळून जेमतेम १० अँपिअर घेतात.

एकच जड 'टक' आला आणि दिवे मंदावलेच नाहीत, तर सॉलेनॉइडची चकती जळलेली किंवा मोटरला आतून प्रवाह देणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात. सेल्फवर पान्याने हलकेच ठोकलं की गाडी एखाद वेळ चालू होते. तेवढ्यात गॅरेज गाठा. 'टक' होऊन दिवे एकदम विझल्यासारखे झाले तर सेल्फ किंवा खुद्द इंजिन अडकलंय. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर असं झालं तर पुन्हा सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं.

आता मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर लावा. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आधी चार्ज करून पुन्हा तपासा, लगेच बदलू नका. आकडा चांगला असूनही गाडी उठत नसेल तर जोड बघा. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थराचा रोध फक्त ०.०२ ओहम असला तरी १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट मुरतात आणि ४५० वॅट उष्णता होते. सेल्फ मारल्यावर क्लॅम्प गरम लागला तर दोष तिथेच. साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, बसवताना तो शेवटी. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून लावा, तारेच्या ब्रशने शिसं चकचकीत होईपर्यंत घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. बॅटरीतून बॉडी आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची वायरही विसरू नका. तिचा बोल्ट गंजला की हीच लक्षणं दिसतात.

आपल्याकडे बॅटरी लवकर बसते त्याला उन्हाळा कारण आहे. परभणी, नांदेड, लातूरला पारा ४२ च्या आसपास जातो, बॉनेटखाली त्याहून वर. १० अंशांनी तापमान वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, प्लेटांच्या शिशाच्या जाळ्या गंजतात आणि पाणी उडतं. झाकणाची बॅटरी असेल तर महिन्याला पातळी बघा, पण बोअरचं पाणी कधीच घालू नका. त्यातले क्षार आणि लोह प्लेटा खराब करतात. डिस्टिल्ड वॉटरच घाला. पोरं पुण्याला आणि गाडी गावच्या वाड्यात उभी, असंही बऱ्याच घरी असतं. बंद गाडीही घड्याळ आणि अलार्मसाठी ०.०५ अँपिअरपर्यंत घेते, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा महिन्यात खडखडाट. लांब उभी ठेवायची तर निगेटिव्ह सोडून ठेवा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायची तर जंपर केबलचा क्रम चुकवू नका. एक लाल चिमटा बंद गाडीच्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्या जवळ नको. धक्का स्टार्ट फक्त गिअर बदलायच्या गाडीला, ऑटोमॅटिकला नाही. गाडी चालू झाल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ पेक्षा कमी दिसले तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा आणि रेग्युलेटर बघून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल.